दुसरी चंद्रज्योत

धर्मा, काल मच्छीमार सोसायटीचा माणूस नवी नळी घेऊन आला होता. दर उन्हाळ्यात येतो तसाच आला, सायकल माडाला टेकवून. इंजिनवाल्या प्रत्येक होडीला लाल उजेडाची एक नवी नळी द्यायची आणि जुनी परत न्यायची, हे त्याचं काम. तुझी होडी आता नाही आणि तूही नाहीस, हे त्याला वाटेत कुणीतरी सांगितलं असावं, कारण अंगणात आला तो चपला काढून नुसताच उभा राहिला. पिशवीतून अर्धी बाहेर आलेली नळी त्याने परत आत सरकवली. मी त्याला पाणी दिलं, चहा विचारला. तो आधी नको म्हणाला, मग हो म्हणाला. मी चहा केला. आलंसुद्धा ठेचून घातलं.

अशीच वागते आहे मी सध्या. सगळं नीट करते. शाळेत जाते, पोरांकडून पाढे म्हणून घेते, घरी येऊन जनीला जेवायला बसवते. तुझी ही बायको मी वाढलं तर जेवते, नाही वाढलं तर मागत नाही. मला मात्र रडू येत नाही. कोळीवाड्यातल्या बायका येतात, बसतात आणि हळूच माझ्या तोंडाकडे बघतात. थोरली बहीण, आईमागे हिनेच त्याला वाढवला, आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. त्यांना काय सांगू? पायाला मुंग्या आल्यावर तो पाय आपला वाटत नाही ना, तशी मी डोक्यापासून पायापर्यंत झाले आहे. चिमटा काढला तरी कळणार नाही.

लोक तुझ्याविषयी चांगलंच बोलतात. नाखवा असावा तर असा, म्हणतात. दिलदार होता, हाक मारली की धावायचा. मी मान हलवते. पण मला तसा तू आठवतच नाहीस. मला आठवतोस तो वाद घालणारा, पोळ्यांच्या तव्याजवळ उकिडवा बसून माझं डोकं खाणारा. आणि ज्या एका गोष्टीवरून आपला वाद कधी मिटला नाही, तिच्यापायीच तू गेलास. म्हणून मला तुला एकच विचारायचं होतं, बाकी काही नाही. शेवटी तिथे पाण्यात उभा असताना तुला असं तर वाटलं नाही ना, की किनाऱ्यावरच्या एकालाही काही कळलेलं नाही?

इंजिन आलं तो दिवस तुला आठवत असेल. सगळा वाडा इंजिन बघायला लोटला होता आणि तू मात्र त्याच्याबरोबर आलेला पत्र्याचा डबा उघडून बसला होतास. आत मेणकागदात गुंडाळलेली हातभर नळी. वर इंग्रजी अक्षरं आणि एका हाताचं चित्र. माझं सातवीपर्यंतचं शिक्षण तिथे काही कामाचं नव्हतं, म्हणून सोसायटीच्या साहेबांनी समजावून सांगितलं. टोपण काढायचं, त्याच्या खरखरीत बाजूवर नळीचं डोकं आगकाडीसारखं घासायचं आणि हात वारा जातो त्या अंगाला लांब धरायचा. होडी संकटात असेल तेव्हाच पेटवायची. लाल उजेड दिसला की किनाऱ्यावरच्यांनी समजायचं, माणसांच्या जिवावर बेतलं आहे.

"आनि न्हाय बेतला तं?" तू विचारलंस.

"तर डब्यात पडून राहू द्यायची," साहेब म्हणाले. सगळे हसले. दारू ओल धरते म्हणून वर्षाला नवी मिळेल, जुनी परत करा, एवढं सांगून साहेब गेले. ते वळणापलीकडे गेले नसतील तोच वाड्याने त्या नळीचं बारसं करून टाकलं. देवळाच्या जत्रेत लाल-हिरव्या उजेडाची दारू लावतात, तिच्यासारखी दिसते म्हणून ही पण चंद्रज्योत. मी तेव्हाच म्हटलं होतं, असलं शोभेचं नाव देऊ नका तिला. मास्तरणीला सगळ्यात खोट दिसते, म्हणालास तू.

नवी नळी आली तेव्हा तू सोसायटीच्या माणसाला सरळ तोंडावर सांगितलंस की जुनी समुद्रात पडली. ती होती आपल्या फडताळात, माझ्या शिवणाच्या डब्यामागे. मग शिमगा आला. शिमग्याला सगळ्या होड्या सजून घरी येतात, तू दरवेळी सगळ्यांत शेवटी. तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी आलास आणि होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभा राहून ती जुनी नळी पेटवलीस. पाण्यावर लाल उजेड पसरला. पोरं नाचायला लागली, नथूमामाने ढोल असा काही बडवला की म्हाताऱ्या बायासुद्धा उठल्या. त्यानंतर दर वर्षी तू जुनी नळी अशीच ठेवून घ्यायचास आणि पोरं विचारायची, धर्मानाना चंद्रज्योत कधी लावणार?

त्या पहिल्या रात्री जेवताना मी तुला धरलं होतं.

"धर्मा, ती खेळायची वस्तू नाही. उद्या खरंच काही झालं आणि तू ती पेटवलीस, तर आम्ही ढोल वाजवत बसायचं का?"

"बाय, तू शालेतलं नको बोलू. माशाचा तुकडा वाढ."

"मी तुला काय विचारते?"

तू तुकडा मोडलास, काटा काढलास, मग म्हणालास, "सबंध वरीस तुमी बाया किनाऱ्यावर डोले लावून बसता. काय दिसला तरी भिता, न्हाय दिसला तरी भिता. मना वाटतं, एकदा तरी तुमाला लांबनाच समजावं का आयलो, सुखरूप आयलो. ती नळी वरीसभर भयाची म्हनून डब्यान पडते. तिनं एक दिस बरी बातमी सांगितली तं काय बिघडलं?"

  मी फक्त एवढंच म्हणाले की एका खुणेचे दोन अर्थ झाले की ती खूण राहत नाही. हे तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. दर वर्षी शिमग्याच्या आधी हा वाद व्हायचा आणि दर वर्षी तिथेच येऊन अडायचा. जनी भांडी उचलून निघून जायची. शेवटी एकदा तू माझ्यापुढे हात जोडलेस आणि म्हणालास, "बरं, नवीला हात लावन तं तुझ्या गल्याशपथ. एकच लावन, जुनी. नवी डब्यात." मी म्हटलं, माझा गळा स्वस्त आहे म्हणून शपथा घेतोस. पण तू शब्द पाळलास, हे मला मान्य करायला हवं. एकाच शिमग्याला दोन नळ्या कधी पेटल्या नाहीत.

मला ती पेटवायला लावलीस, ते आठवतं? सुट्टीचा दिवस होता, मी सुकट उलटवायला किनाऱ्यावर गेले होते. तू मागून आलास आणि एक जुनी नळी माझ्या हातात कोंबलीस. "पोरांना शिकवतेस, तं आधी सोता शीक." मी नको नको म्हणत होते. टोपणावर घासली, काही झालं नाही. परत घासली, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा फुस्स करून जाळ निघाला आणि मी डोळे गच्च मिटून हात नेमका वाऱ्याच्या तोंडाशी धरला. सगळ्या ठिणग्या माझ्या लुगड्यावर. तू हसून हसून वाळूत बसलास. मी तुला शिव्या देत होते आणि नळी सोडतही नव्हते. तू ओरडून सांगत होतास, जुनी हाय म्हनून धूर करते, फडफडते, नवी असती तं बगाया पायजे होतीस, भिंतीसारका उजेड पडतो. त्या लुगड्याला अजून काठाजवळ बारीक बारीक भोकं आहेत. मी ते घरात नेसते.

आणि एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. वर्षभर मी त्या नळीवरून तुझ्याशी भांडायचे, पण शिमग्याच्या दिवशी किनाऱ्यावर सगळ्यांच्या आधी मी जायचे. विधवा बाई म्हणून मागे माडांच्या रांगेत उभी राहायचे, पण नजर खाडीच्या तोंडावर. तो लाल उजेड दिसला की माझ्या छातीवरचं ओझं उतरायचं. वर्षातल्या सगळ्या दिवसांत तेवढीच एक वेळ होती जेव्हा तू समुद्रावर असताना मला भीती वाटायची नाही. हे तुला सांगितलं असतं तर तू उरलेलं आयुष्य मला चिडवलं असतंस. म्हणून नाही सांगितलं.

या वर्षी दुपारपासून वायव्येचा वारा भरला होता. बाकीच्या होड्या उजेडीच आल्या, पताका लावून, नाळेला झेंडूच्या माळा घालून. तू हरिहरेश्वराच्या बाजूला लांब गेला होतास, तुझी होडी तेवढी राहिली होती. होळी रचून झाली होती, पेटवायची होती. ढोल चालू होता. शेवटच्या होडीचा नाखवा वाळूवर पाय ठेवत नाही तोवर शिमग्याचा ढोल थांबवायचा नाही, ही आपली रीत. थांबला तर त्या होडीचं वर्ष वाईट जातं म्हणतात. जनी ओवाळायचं तबक घेऊन पुढे उभी होती.

मग खाडीच्या तोंडाशी लाल उजेड दिसला. धुरकट, फडफडणारा. जुनी नळी. पोरं "चंद्रज्योत, चंद्रज्योत" करत पाण्यात धावली. जनीने वात सारखी केली. नथूमामाने ढोल वाढवला. आणि मला, धर्मा, दरवर्षीसारखंच हलकं वाटलं. तू आलास असंच मला वाटलं. उजेड विझला. थोडा वेळ काळोख होता.

आणि दुसरी पेटली.

ती फडफडत नव्हती. सरळ आणि लख्ख, भिंतीसारखा उजेड. लोक अजून जोरात ओरडले. कुणीतरी म्हणालं, औंदा दोन! नथूमामाला चेव आला, त्याच्या बरोबरची पोरं झांजा कुटायला लागली. मी माडांतून ओरडले की तो बुडतोय, पण माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. मी माणसांना ढकलत पुढे गेले आणि नथूमामाचा हात ढोलाच्या टिपरूसकट धरला.

"बाय, येड लागला काय तुना? होलीचा ढोल हाय!"

बायका मला मागे ओढत होत्या. सणाच्या ढोलाला विधवेने हात घातला, तोही थांबवायला. कुणीतरी माझा पदर धरला होता. मी ढोलाचा पट्टा ओढला, तो मामाच्या खांद्यावरून सुटला आणि ढोल वाळूत गडगडत गेला. झांजा थांबल्या. एकदम सगळं गप्प झालं. त्या शांततेत सगळ्यांना कळलं, कारण तुझ्या इंजिनाचा आवाज येत नव्हता. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. पुरुष होड्यांकडे पळाले.

तुझ्या होडीवरचा गणा आणि दुसरा खलाशी जाळ्याच्या तरंगत्या बोयांना धरून तरंगताना सापडले. तू सापडला नाहीस. सकाळी काशीदच्या वाळूवर होतास. तुला घरी आणल्यावर मीच पुसलं. उजव्या हाताच्या तळव्याची कातडी करपून काळी झाली होती, पार मनगटापर्यंत. नळी संपत आली तरी तू सोडली नव्हतीस. मी तो हात पुसत होते आणि माझ्या मनात काय आलं असेल? नवीच्या पण ठिणग्या पडतात तर, एवढंच आलं. दुसरं काही आलं नाही.

आपल्या वादात मी खरी ठरले. इतकी खरी ठरायची मला हौस नव्हती. नथूमामा परवा येऊन दारात बसून गेला. ढोल त्याने भावाकडे देऊन टाकला म्हणतात. मी त्याला म्हटलं, मामा, तुझी काय चूक, आम्ही सगळेच टाळ्या वाजवत होतो. तो उठून गेला. जनी म्हणते, मीसुद्धा तबक घेऊन हसत उभी होते ना वन्सं. ती एकच वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणते.  तुझ्यावर चिडावं म्हटलं तर तेही जमत नाही. दर वर्षी एक दिवस आमच्या जिवाला आराम मिळावा म्हणून तू ते करायचास. त्या आरामाचीच ही किंमत, असं मनात येतं. मग तेही विझून जातं आणि मी पोरांच्या पाट्या तपासत बसते.

फक्त तो प्रश्न तेवढा जात नव्हता. तू पहिली नळी लावलीस आणि पाण्यावरून तुला ढोल ऐकू आला असणार. तुझ्या हाकेला आम्ही नाचून उत्तर दिलं. ते ऐकत तू गेलास का? मी तव्यावर पोळी टाकताना हेच, फळ्यावर लिहिताना हेच. गणाला विचारता आलं असतं. पण तो तापाने पडला होता आणि मग त्याच्या बहिणीने त्याला मुरुडला नेलं. खरं सांगायचं तर तो नव्हता तेच बरं वाटत होतं. तो 'हो' म्हणाला असता तर मी काय करणार होते?

काल सोसायटीचा माणूस गेला आणि संध्याकाळी गणा आला. आपण होऊन आला. ओटीवर बसला, टोपी हातात. बारीक झाला आहे. मी त्यालाही चहा दिला. तो कपाकडे बघत बोलायला लागला.

"बाय, इंजिन खाडीच्या तोंडातच बंद परला. वाऱ्यानं खडपाच्या दगडांवर नेला. फली फुटली, पानी आत आला. त्यानं पैली जुनी लावली, वर ठेवलेली म्हनून. तं तुमचा ढोल जोरात वाजाया लागला."

मी म्हटलं, "मग?"

"आमी बोललो, मेलो आता. ते आपल्यासाटी वाजवतान."

"आणि तो?"

"त्यानं एक शिवी दिली. तुला सांगन्यासारकी न्हाय." गणाने कप खाली ठेवला. "मंग हसला. बोलला, बाय जिंकली रं. पन तिला सांगू नका, लय डोक्यावर चरंल."

जनी आतून दाराशी येऊन उभी राहिली होती. गणाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मंग डबा फोडला नि नवी काढली. आमी बोललो, आता काय उपेग, ते अजून नाचतील. तो बोलला, नाचू दे. ही बाकीच्यांसाटी न्हाय, ही बायसाटी हाय. होडीच्या नालेवर चरला नि हात वर धरून उभा रायला. होडी खाली चाललेली, पानी कंबरंला. ढोल चालूच. आमी देवाचा नाव घेत होतो. तो घेत नव्हता. तो ऐकत होता."

"काय ऐकत होता?"

"मना पन कलत नव्हता काय ऐकतो ते. मंग एकदम ढोल थांबला." गणाने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "तं तो बोलला, 'कललं बायला.' आनि असा हात खाली केला. मंग लाट आली."

गणा आणखी काहीतरी म्हणत होता, बोये कसे हाताला लागले ते. मला ते ऐकू आलं नाही. मला रडू आलं होतं, तोंडावर पदर घ्यायचंही भान नव्हतं, आणि जनी खाली बसून माझी पाठ चोळत होती.

धर्मा, तो ढोल मी तुझ्यासाठी थांबवला नव्हता रे. इथल्या माणसांना माझं ओरडणं ऐकू यावं म्हणून थांबवला होता. एवढ्या लांब पाण्यावर तू कान देऊन उभा असशील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पण तुला ते ऐकू आलं.